पन्नास मिली पाणी कुठे गेलं

एक

आधीच सांगून ठेवते, ह्यातलं अक्षर न् अक्षर खरं आहे. एक शब्द जरी खोटा निघाला तर माझी कवळी पेल्यातून उडी मारून पळून जावी आणि उरलेलं आयुष्य मी पेजेवर काढावं. आता ऐका.

भिंगबाईने सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला, डाव्या हातात मोजायचं खटक्याचं यंत्र धरलं, आणि पाऊण तास बघूनही खटका एकदासुद्धा दाबला नाही.

सात नंबरच्या बाटलीत विष नव्हतं.

काल सकाळी होतं. तिने स्वतः बघितलं होतं, जहाजावर, साडेदहा वाजता, ताज्या पाण्याच्या थेंबात.

आता विष म्हणजे सापाचं नव्हे. समुद्रात डोळ्यांना न दिसणारं शेवाळ असतं, शेकडो जातींचं. बहुतेक बिचारं आपल्या वाटेने जातं. पण एक जात अशी, की एकेक कण अंगात चिलखत घालून, कमरेला पट्टा बांधून, चार-चार जण एकमेकांना चिकटून आगगाडीसारखे पोहतात. भिंगबाई त्यांना चिलखती म्हणायची. शिंपले पाणी गाळून जेवतात, त्यांच्या पोटात चिलखती साठतात, आणि शिंपल्यांना ढिम्म काही होत नाही. होतं ते खाणाऱ्याला. आधी ओठांना मुंग्या, मग बोटं बधिर, मग जीभ जड, आणि मग छाती श्वास घ्यायचंच विसरते. उकळा नाहीतर भाजा, ते विष जात नाही.

म्हणून दर आठवड्याला एक लहानसं जहाज खाडीत नऊ ठिकाणी थांबायचं. दोराने नळकांडं खाली सोडायचं, पाणी वर काढायचं, पाव लिटरच्या नऊ बाटल्यांत भरायचं, वर आयोडीनचे थेंब टाकायचे म्हणजे सगळं जिथल्या तिथे मरतं आणि पाणी फिक्क्या चहासारखं दिसतं. मग बाटल्या जमिनीवरच्या प्रयोगशाळेत. दुसऱ्या दिवशी भिंगबाई मोजणार, सही करणार, आणि त्या सहीवर, ज्या दोरांवर शिंपले वाढवतात ते दोर समुद्रातून उपसायचे की नाही, म्हणजे दोर उघडे की बंद, ते ठरणार. एकतीस वर्षं हेच. बाईची नजर अशी, की धक्क्यावर उभी राहून सांगायची, पलीकडच्या जहाजावर कप्तानाच्या चहात माशी पडलीय, आणि ती पोहतेय की बुडतेय तेही.

आणि ह्या नजरेला आज शून्य दिसत होतं.

थोडेथोडके नाहीत, कमी झालेले नाहीत. शून्य.

दोन

"अहो बाई, मग तोंड का पाडलंत? चांगली बातमी आहे," साहेब म्हणाले. साहेब म्हणजे प्रयोगशाळेचे प्रमुख, बाईपेक्षा बारा वर्षांनी लहान, आणि जहाजावर पाय ठेवला की पाच मिनिटांत हिरवे पडणारे. "सही करा. उद्या सकाळी नऊला सगळ्यांना बोलावलंय, दोर उघडून टाकू. मी शब्द दिलाय त्यांना."

"काल सातमध्ये चिलखती होते. लिटरला हजारांनी."

"काल तुम्ही हलत्या जहाजावर एक थेंब बघितलात. कागदावर मोजणी येते ती बाटलीतली. थेंबाची नाही. आणि बाई, वयही होतं माणसाचं."

"वयाने चष्मा लागतो, साहेब. भुतं दिसायला लागत नाहीत."

"मग परत पाणी आणा."

हे म्हणताना साहेबांनी खिडकीकडे बोट दाखवलं, कारण त्यांनाही ठाऊक होतं. बाहेर वारा असा सुटला होता की धक्क्यावर बांधलेलं जहाज खुंट्याला हिसके मारत होतं. तीन दिवस कुणालाही बंदराबाहेर सोडणार नव्हते. शिंपल्यांचं मांस तपासायला पाठवलं होतं लांबच्या शहरात, त्याचा निकाल यायला आठवडा. मध्ये उरली एकच बाटली, आणि ती म्हणत होती सगळं छान आहे.

भिंगबाई परत टेबलाशी गेली. ज्या गोष्टी नाहीत त्यांच्याकडे बघून झालं होतं, आता ज्या आहेत त्यांच्याकडे बघू म्हणाली. आणि बघता बघता तिच्या भुवया वर चढायला लागल्या.

बाटलीत चाकं होती. बारीक, गोल, आरे असलेली, काचेसारखी चाकं. तीही एक शेवाळाचीच जात, अगदी निरुपद्रवी, पण ती खुल्या समुद्रातून येते आणि खाडीच्या तोंडापाशीच थबकते. तोंडापाशी होतं तीन नंबरचं ठिकाण. सात नंबर होतं खाडीच्या पार आतल्या कोपऱ्यात, जिथे ही चाकं तिने एकतीस वर्षांत पाहिली नव्हती.

म्हणजे सात नंबरच्या बाटलीत तीन नंबरचं पाणी होतं.

तिने पेटीतून तीन नंबर काढली. कुणी तिच्यातलं पाणी सातमध्ये ओतलं असेल तर ती अर्धी असायला हवी.

तीन नंबर गळ्यापर्यंत भरलेली होती. सातही भरलेली.

तीन

एक बाटली पाण्याच्या दोन बाटल्या झाल्या, ही जादू पाण्याचा नळच करू शकतो. बाईने क्षारमापी काढला. बोटाएवढी नळी, तिच्या काचेवर एक थेंब टाकायचा, उजेडाकडे धरायची, डोळा लावायचा, आत पट्टीवर मीठ किती ते दिसतं. खाडीचं पाणी पस्तीस दाखवतं.

सात नंबरने दाखवलं चौदा.

तीन नंबरने दाखवलं चौदा.

रंग कळू नये म्हणून वर दोन थेंब आयोडीनही घातलेलं होतं, चहाचा रंग बरोब्बर जुळत होता. पण मीठ घालायचं कुणाला सुचलं नव्हतं.

हे ऐकून साहेब खूश होतील असं तुम्हाला वाटेल. साहेब खुर्चीत मागे रेलले. "म्हणजे नमुना नासला. कुणी नासवला? पेटीची किल्ली तुमच्या कमरेला. बाई, लोक म्हणतील, हिला दोर बंदच ठेवायचे होते, एक थेंब बघून हटून बसली, बाटलीने साथ दिली नाही तर बाटलीच बिघडवली."

"लोक म्हणतील की तुम्ही म्हणाल?"

"उद्या नऊपर्यंत सांगा कुणी केलं. पुराव्यासकट. नाहीतर सही करा. तेही नको असेल तर रजेवर जा, सही करणारे दुसरे आहेत."

"सही माझी आहे. ती हाताबरोबर येते, साहेब. हात कापून घ्या आणि मग करवून घ्या."

ती तडक धक्क्यावर गेली, जहाजावर चढली, आणि जहाजावरच्या लहानशा प्रयोगशाळेचं दार आतून लावून घेतलं. पांढरा ओटा, एक मोरी, मोरीवर एक नळ. काल दुपारी बारा वाजता जहाज धक्क्याला लागलं, तेव्हा बाटल्या इथे ह्या ओट्यावर उघड्या होत्या. डेकवर उभी राहून तिनेच सगळ्यांना ओरडून सांगितलं होतं, सात नंबरला चिलखती आलेत म्हणून. मग ती धक्क्यावरच्या कचेरीतून मत्स्यखात्याला फोन करायला गेली. वीस मिनिटं. परत येऊन तिने पेटीला कुलूप लावलं.

त्या वीस मिनिटांत जहाजावर चार माणसं होती.

बाईने कागद घेतला आणि हिशोब मांडला. बाटली अडीचशे मिलीची. चौदा म्हणजे पस्तीसच्या पाच भागांतले दोन. म्हणजे प्रत्येक बाटलीत खारं पाणी शंभरच मिली, बाकी नळाचं. शंभर आणि शंभर दोनशे.

पण तीन नंबरमध्ये खारं पाणी होतं अडीचशे.

तिने ओटा तपासला. आयोडीन सांडलं की पांढऱ्यावर पिवळा डाग पडतो, तीनदा घासला तरी हसत राहतो. ओटा कोरा होता. मग चोराने पन्नास मिली पाणी नेलं कुठे?

बराच वेळ ती मोरीकडे बघत बसली. मग उठली, पिण्याच्या पाण्याचा जग भरून ओट्यावर ठेवला, शेजारी एक स्टीलचा पेला ठेवला, आणि पेल्यात बोटाने थोडी धूळ फासली. मग दार उघडून एकेकाला बोलावणं धाडलं, आणि प्रत्येकाच्या आधी पेल्याला नवी धूळ.

चार

पहिला आला कप्तान. पोट एवढं की जहाज डावीकडे कललं की ह्याला उजवीकडे उभं करायचे.

"माझा पुतण्या शिंपल्यांचे ट्रक चालवतो, हे तुला कुणीतरी सांगणारच, म्हणून मीच सांगतो," तो म्हणाला. "दोर बंद राहिले तर तो घरी बसतो आणि माझ्या डोक्यावर बसतो. पण बाटलीला मी हात लावला नाही. काल मी इंजिनात डोकं घालून बसलो होतो."

"कुणी बघितलं?"

"इंजिनाने."

"पाणी घे. पेला जरा मळका आहे हं."

कप्तानाने सदऱ्याच्या टोकाने पेला पुसला, पाणी ओतलं, गटागट प्याला.

दुसरा दोरवाला. नळकांडं खाली सोडायचं आणि वर ओढायचं काम त्याचं. हाताला कायम वंगण, म्हणून बाटल्यांना शिवायची त्याला बंदी. "माझी बायको बाजारात शिंपले विकते, बाई. पण विकायच्या आधी घरी शिजवते, आणि पहिलं वाढते मला. मी कशाला स्वतःचा मुडदा पाडीन?" त्याने पेल्याकडे बघितलंच नाही. जग उचलला आणि वरून तोंडात धार सोडली.

तिसरे साहेब. बांधलेल्या जहाजावरही त्यांचा रंग उतरला होता. "काल मी इथे नोंदवही बघायला आलो होतो. दोन मिनिटं. आणि तुम्ही माझी उलटतपासणी घेताय?"

"छे हो. पाणी देतेय. बसा."

साहेबांनी पेला बघून नाक मुरडलं, मोरीवरचा नळ सोडला, पेला धार लावून खळखळून धुतला, मग जगातलं पाणी घेतलं.

चौथी आली तिची बहीण.

सख्खी, धाकटी. जहाज धक्क्याला असलं की ताईला डबा घेऊन यायची, काल आली होती तशी आजही आली. लग्नाआधी तीन वर्षं ती ह्याच जहाजावर ताईच्या हाताखाली होती. मग शिंपलेवाल्याशी लग्न झालं. सात नंबरच्या कोपऱ्यातले दोर त्यांचेच. तिचा नवरा सगळ्या शिंपलेवाल्यांचा पुढारी. ताई त्याला जावईबापू म्हणायची, चिडवायला.

"ताई, खाऊन घे आधी. चेहरा बघ तुझा."

"काल मी फोनला गेले तेव्हा तू काय करत होतीस?"

"तुझी वाट बघत होते. दुसरं काय करणार?" बहीण हसली. "आमचे हे तुझ्यावर इतके तापलेत. म्हणतात, तुझी ताई खाडीची राणी आहे का? मागच्या वर्षी दोनदा दोर बंद. ह्या वेळी बंद झाले तर वजनाने दोर तुटतात गं, सगळं तळाला जातं. दोन वर्षांची मेहनत."

"ठाऊक आहे मला."

"ठाऊक आहे, पण तुझ्या दारात नाही ना ते."

तिला तहान लागली होती. बोलता बोलता तिने पेला उचलला, जगातलं घोटभर पाणी त्यात घेतलं, गोल फिरवलं, मोरीत टाकलं. परत घोटभर, परत फिरवलं. परत एकदा. मग पेला भरून घेतला.

भिंगबाईने डब्याचं झाकण उघडलं आणि तसंच परत लावलं.

"उद्या नऊला ये," ती म्हणाली. "त्याच्या आधी काही सांगावंसं वाटलं तर घरी ये. दार उघडंच आहे."

बहीण आली नाही.

पाच

नऊ वाजता प्रयोगशाळेच्या मोठ्या खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. शिंपलेवाले, त्यांच्या बायका, कप्तान, दोरवाला, समोर टेबलामागे साहेब. जावईबापू आले ते हातात झाकणाचं मोठं पातेलं घेऊन, आणि दाणकन टेबलावर ठेवून म्हणाले, "सात नंबरचे आहेत. परवा वारा सुटायच्या आधीच एक दोर उपसला होता. ताई, तुमचं भाषण झालं की सगळ्यांसमोर खाणार मी. बघू कोण मरतं."

"झाकण उघडू नका, जावईबापू."

"का, घाबरलात?"

"हो," बाई म्हणाली. खोलीत हशा पिकला, तो तिने संपू दिला. मग तिने मीठ सांगितलं, चाकं सांगितली, चौदा आणि चौदा सांगितले.

"म्हणजे कुणीतरी सातमधलं पाणी ओतून दिलं, तीनमधलं त्यात घातलं, आणि दोन्ही नळाने भरल्या. इथवर कुणीही करू शकतं. पण दोन गोष्टी अडतात. एक, आयोडीन पडलं की चिलखती मरून तळाला बसतात. बाटली नुसती उलटी केली तर तळाला थोडे तरी चिकटून राहतात. मला दहा सापडले असते, पाच सापडले असते. सापडलं शून्य. म्हणजे बाटली आतून विसळली."

"विसळली असेल नळाखाली," साहेब म्हणाले.

"तुम्ही नळाखालीच विसळली असती, साहेब. काल पेला तसाच धुतलात. पण मग दुसरी गोष्ट, माझं पन्नास मिली खारं पाणी कुठे गेलं? सांडलं नाही, डाग नाही. ते मोरीत गेलं, कारण सात नंबर तीन नंबरच्याच पाण्याने विसळली. नळ हाताशी असताना. चोरलेलं पाणी आधीच अपुरं असताना. असं कोण करतं?"

बाईने तीन बोटं वर केली.

"समुद्रावर पाणी भरणारा माणूस करतो. बाटलीत जे पाणी भरायचं, त्याच पाण्याने ती आधी तीनदा विसळायची. हे मी पहिल्या दिवशी शिकवते. वर्षभराने माणूस ते विसरतो, पण हात विसरत नाही. कप्तान सदऱ्याने पुसतो. दोरवाल्याला पेलाच लागत नाही."

"मग तसा हात जहाजावर एकच आहे," साहेब म्हणाले. "तुमचा."

"माझा," बाई म्हणाली. "किंवा मी शिकवलेला."

तिने कुणाकडे बघितलं नाही, खिडकीकडे बघत राहिली. खोलीतल्या निम्म्या लोकांना काही कळलं नाही, आणि जावईबापूंना तर मुळीच नाही.

"पुरे झालं हे विसळणं," ते म्हणाले. पातेल्याचं झाकण उडवलं, एक शिंपला घेतला, अंगठ्याने फोडला आणि तोंडाकडे नेला.

फाडकन आवाज आला. शिंपला भिंतीवर जाऊन आपटला. त्यांची बायको त्यांच्यासमोर उभी होती, तिचा हात अजून हवेत होता.

"खाऊ नका," ती म्हणाली. "खरंच आहे त्यात."

सहा

जावईबापू तिच्याकडे बघत राहिले. मग त्यांनी पातेल्यावर झाकण परत ठेवलं.

"मला वाटलं थोडेच असतील," बहीण म्हणाली, नवऱ्याला नाही, ताईला. "तूच म्हणतेस ना, कधी कधी आठवड्यात ओसरतात. माल निघाला असता, चार ट्रक गेले असते, कुणाला काही झालंही नसतं. मी रोज ह्यांचे हात बघते, दोरांनी सोललेले. मला नाही राहवलं."

"आणि ट्रकातला शिंपला दुसरीच्या नवऱ्याने उचलला असता, तर तिथे कोण उभं होतं हात मारायला?"

बहिणीने मान खाली घातली.

साहेब मात्र लगेच शहाणे झाले. बाईच्या कानाशी येऊन म्हणाले, "दोर बंद ठेवू, ठीक आहे. पण अहवालात लिहा, बाटली फुटली. उगाच घरचं माणूस कशाला? तिला शिक्षा होईल, जावई पुढारीपणाला मुकेल. तुमचीच बहीण आहे हो."

"माझीच आहे."

"मग?"

"काल माझ्यावर आलं तेव्हा नाव पाहिजे होतं तुम्हाला, पुराव्यासकट. आज बाटली आपोआप फुटली? उद्या कुणीही बाटली बदलेल आणि म्हणेल, त्या बाईच्या घरचं झाकलं तर आमचंही झाका. मग माझ्या सहीवर कोण शिंपला खाईल?"

तिने टेबलावरचा कागद ओढला, आणि सगळ्यांसमोर, मोठ्या ठसठशीत अक्षरात लिहिलं. सात नंबरचा नमुना बदलला. दोर बंद. बदलणारी व्यक्ती, माझी सख्खी धाकटी बहीण. खाली सही. शाई वाळायची वाट न बघता कागद साहेबांच्या हातात दिला, आणि शिंपल्यांचं पातेलं स्वतः उचलून बाहेर नेलं, कुणा मांजरीलाही मिळू नये म्हणून.

बायका तिच्या तोंडावर बोलल्या. एक म्हणाली, हिला काळीज नाही, भिंगच आहे. बाईने ऐकून घेतलं आणि पातेलं घासत राहिली.

आठवड्याने मांसाचा निकाल आला. सात नंबरच्या शिंपल्यांत विष होतं, परवानगीच्या मर्यादेच्या अकरा पट. बोलणाऱ्या बायका गप्प झाल्या. साहेबांनी बाईला चहा पाजला, सही करून घ्यायला दुसरं कुणी शोधायचं मात्र परत नाव काढलं नाही. दोर काही तुटले, काही वाचले. बहिणीला खाडीचं काम वर्षभर बंद केलं. जावईबापू पुढारी राहिले नाहीत, पण त्यांनी एक केलं, पुढच्या फेरीला स्वतः होडी घेऊन जहाजामागे गेले आणि म्हणाले, आमच्या कोपऱ्यातलं पाणी जास्त घ्या, दोन बाटल्या घ्या.

आणि आठव्या दिवशी धाकटी ताईच्या दारात येऊन उभी राहिली. म्हणाली, "चहा टाक." ताईने टाकला.

झालं. सगळं खरं, शपथेवर. फक्त एक सोडून.

आठव्या दिवशी नाही आली ती. सोळा महिने लागले. ते सोळा महिने सांगत बसायचं माझ्या जिवावर येतं, म्हणून मी आठ दिवस केले. सोळा महिने डबा आला नाही, रस्त्यात दिसली तर पलीकडे जायची, आणि दार रोज उघडं ठेवलं तरी त्यातून वाराच तेवढा आत यायचा. पण तो कागद आज परत समोर ठेवलात ना, तरी तसाच लिहीन. एक अक्षर कमी करणार नाही.